पाट वाहता ठेवणारे: बालीतल्या जातिलुविहच्या सुबाकचा प्रकरण अभ्यास

बालीच्या तबानान जिल्ह्यात, बातुकारू पर्वताच्या दक्षिण उतारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर जातिलुविह हे गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला सुमारे ३०० हेक्टर भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. २०१२ मध्ये युनेस्कोनं बालीतल्या पाच ठिकाणांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. एकूण क्षेत्र १९,५०० हेक्टरांच्या थोडं वर. त्यातला सर्वांत मोठा भाग बातुकारूच्या उतारावरचा, आणि पर्यटकाला त्यातलं ठाऊक असतं ते जातिलुविह. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं उत्तम पर्यटन गावांच्या यादीतही त्याचा समावेश केला. त्याच वर्षी बालीत ६३ लाखांवर विदेशी पर्यटक आले. बेटाची स्वतःची लोकसंख्या ४४ लाखांच्या आसपास आहे. या विदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियानंतर सर्वाधिक संख्या भारतीयांची, म्हणजे पर्यटनाच्या गर्दीत बालीची शेती आणि संस्कृती कशी टिकते हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

बालीची संस्कृती टिकून आहे असं म्हणताना नाच, देवळं, फुलांचे नैवेद्य डोळ्यांपुढे येतात. ते टिकण्यासारखेच आहेत. त्यांच्यामागे श्रद्धाही आहे आणि पाहणाराही आहे. कसोटी लागते ती ज्या कामाला प्रेक्षक नाही तिथे: डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून गाळ उपसणं, पाण्याची वाटणी, आणि शेकडो कुटुंबांनी ठरवून एकाच वेळी शेत रिकामं ठेवणं. ही कामं करणारी संघटना म्हणजे सुबाक. ती उभी राहिली तरच खाचरं राहतील, आणि खाचरं राहिली तरच त्यांच्याभोवतीचे सण राहतील. म्हणून या अभ्यासात देखाव्यापेक्षा पाटाला जास्त जागा दिली आहे.

सुबाकची घडण

एका पाणीसाठ्यावर किंवा एका बंधाऱ्यावर ज्यांची ज्यांची शेतं भिजतात, ते सगळे एका सुबाकचे सभासद. हद्द ठरते ती पाण्यानं, गावानं नाही. एका सुबाकमध्ये चार गावांचे शेतकरी असू शकतात आणि एकाच गावातल्या शेतकऱ्यांची जमीन तीन सुबाकांत विखुरलेली असू शकते. पुढे पैशाचा विषय येईल तेव्हा ही बाब लक्षात ठेवावी लागेल, कारण तिढा नेमका इथेच पडतो.

उत्तर महाराष्ट्रातल्या पांझरा आणि मोसम खोऱ्यांतली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रचनेची ओळख लगेच पटेल: सामाईक बंधारा, सामाईक पाट, पिकाचा सामाईक निर्णय आणि पाटाची जबाबदारी सगळ्यांवर. बालीत ही व्यवस्था फार जुनी आहे. इ. स. ८९६ च्या एका ताम्रपटात बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख येतो, आणि १०७२ च्या एका कोरीव लेखात सुबाकचा. आज बेटावर असे सुमारे १,२०० पाणीसंघ आहेत.

सुबाकचा प्रमुख पेकासेह. त्याच्या हाताखाली उपप्रमुख, लेखनिक, खजिनदार आणि निरोप पोचवणारे. मोठा सुबाक तेम्पेक नावाच्या गटांत विभागलेला असतो. जातिलुविहमध्ये असे सात आहेत. बैठक साधारणपणे दर ३५ दिवसांनी, कारण बालीच्या पंचांगात पाच दिवसांचा आणि सात दिवसांचा आठवडा ३५ दिवसांनी पुन्हा जुळतो. नियम आविग-आविग नावाच्या लेखी संहितेत असतात आणि बैठकीतले ठराव त्यांना पूरक. पाणी चोरलं, सफाईला दांडी मारली, ठरल्या तारखेआधी पेरलं, तर दंड. दंडाची रक्कम बहुधा छोटी असते, पण तो सगळ्यांसमोर पुकारला जातो. ज्या गावात लग्नापासून अंत्यसंस्कारापर्यंत सगळ्याला शेजारी लागतात, तिथे त्या पुकारण्याला नोटांपेक्षा जास्त वजन असतं.

सभासदांचे तीन प्रकार आहेत. जे प्रत्यक्ष अंगमेहनत देतात ते पेंगायाह. जे हजर राहत नाहीत पण त्याबदल्यात पैसे किंवा भात भरतात ते पेंगाम्पेल. आणि पुजारी किंवा काही पदाधिकारी, ज्यांना कामातून सूट असते. पर्यटनाचा सुबाकवर झालेला सर्वांत खोल परिणाम शोधायचा असेल तर या पहिल्या दोन यादींची लांबी वर्षावर्षाला ताडून पाहावी. हॉटेलात पाळीवर असलेला मुलगा पहाटे पाटावर येऊ शकत नाही, तो पैसे भरतो. त्याच्यावर ठपका ठेवण्यासारखं काही नाही. पण बोगद्यात अडकलेलं झाड ओढून काढायला वीस माणसं लागतात, आणि ती यादीत नसली तर तिजोरीतल्या पैशानं मजूर आणावे लागतात. मजूर गाळ काढतो. मात्र कुठली भिंत पाझरते, कुठल्या वळणावर दरवर्षी दरड येते, हे त्याला ठाऊक नसतं. ते ज्ञान दुरुस्तीला हजर राहूनच एका पिढीकडून दुसरीकडे जातं.

वाटणीचा ओंडका

नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून बोगदा किंवा पाट, पाटातून उपपाट. बालीच्या नद्या खोल घळीतून वाहतात, म्हणून पाणी शेतापर्यंत आणायला डोंगर फोडावा लागला. काही बोगदे एक किलोमीटरहून लांब आहेत. पाणी शेताजवळ आलं की प्रत्येक फाट्यावर तेम्बुकू असतं. पाटात आडवा ठेवलेला लाकडी ओंडका, त्याच्या वरच्या कडेला खाचा. सगळ्या खाचांची खोली सारखी, रुंदी मात्र वाट्याच्या प्रमाणात. पाण्याच्या एका वाट्याला तेकतेक म्हणतात. चार वाट्यांचा गट असेल तर खाच चौपट रुंद. आता ओंडक्याच्या जागी बहुतेक ठिकाणी काँक्रीट आलं आहे, तत्त्व तेच.

या साधनाची खुबी अशी की पाणी कमी झालं तरी प्रमाण ढळत नाही. नदी निम्मी झाली तर सगळ्यांचंच निम्मं होतं. कुणी चावी फिरवायची गरज नाही, आणि वाटणी बरोबर आहे का हे पाटाकाठानं जाणाऱ्या कुठल्याही माणसाला नजरेनं कळतं. विश्वास त्या उघडेपणातून येतो.

बिघडतं कसं? तेम्बुकूच्या वरच्या बाजूला पाटाचा तळ सपाट हवा आणि पाणी सरळ यायला हवं. एका बाजूला गाळ साचला, किंवा वळणाला लागूनच ओंडका बसवला, की प्रवाह एका खाचेकडे झुकतो आणि रुंदी बरोबर असूनही वाटा चुकतो. प्लास्टिकची एक पिशवी अरुंद खाचेवर बसली तर एका कुटुंबाचा अर्धा वाटा शेजाऱ्याकडे जातो. उपाहारगृहांच्या खालच्या अंगाला हे वारंवार होतं, म्हणून तिथल्या खाचांची पाहणी जास्त वेळा करावी लागते. हे काम क्षुल्लक वाटतं, पण सुबाकमधली बरीच भांडणं अशाच एखाद्या पिशवीपासून सुरू होतात.

वाटणी ठरलेली असली तरी ती कडक नाही. एखाद्याची लावणी खोळंबली असेल तर शेजारी आपला वाटा काही दिवस उसना देतो आणि पुढे परत घेतो. ही उसनवारी तोंडी चालते. शेजारच्या खाचरात शेतकरी असेल तरच ती चालते. तिथे बंगला उभा राहिला तर पाणी मागायचं कुणाकडे?

सगळ्यांनी मिळून पडीक

सुबाकचं सर्वांत कठीण काम पाणी वाटणं हे नाहीच. ते आहे तारीख ठरवणं.

चिखलणीला पाणी सर्वांत जास्त लागतं. सगळ्यांनी एकाच आठवड्यात चिखलणी केली तर नदी पुरत नाही, म्हणून वरच्या, मधल्या आणि खालच्या गटांनी काही दिवसांच्या अंतरानं सुरुवात करणं सोयीचं. पण प्रत्येकानं आपापल्या वेळी लावलं तर कुठे ना कुठे हिरवं भात सतत उभं राहतं. मग तपकिरी तुडतुडे, टुंग्रो रोग पसरवणारे हिरवे तुडतुडे आणि उंदीर एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकत वर्षभर जगतात. कीड उपाशी मारायची असेल तर तिला ओलांडता येणार नाही एवढं मोठं क्षेत्र एकाच वेळी रिकामं करावं लागतं. पाणी म्हणतं पुढंमागं लावा, कीड म्हणते एकदम काढा. या दोन मागण्यांचा मेळ एकट्या शेतकऱ्याला घालता येत नाही, एकट्या सुबाकलाही नाही. तो मेळ पाणदेवळांच्या साखळीतून बसतो: बंधाऱ्याजवळचं देऊळ, अनेक सुबाकांचं सामाईक देऊळ, आणि त्यावर बातुर सरोवराच्या वर, ज्वालामुखीच्या कड्यावर असलेल्या पुरा उलुन दानू बातुरसारखी मोठी देवस्थानं. पाणी आणण्याचा विधी, लावणीचा मुहूर्त, दाणा भरताना भाताची देवी श्री हिची पूजा, कापणीनंतरचा उत्सव हे सगळं त्या त्या देवळाच्या पंचांगानं चालतं. पंचांग पाळलं की पेरणी, पाणी आणि पडीक आपोआप जुळतात.

याची किंमत सरकारी यंत्रणेला १९७० च्या दशकात कळली. हरितक्रांतीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना लवकर येणारी वाणं देण्यात आली आणि जमेल तितक्या वेळा भात घ्या असं सांगण्यात आलं. देवळांच्या तारखा मागे पडल्या. पहिली काही पिकं भरघोस आली, मग तपकिरी तुडतुड्यांनी आणि टुंग्रोनं शेतं झोपवली. एका कीडप्रतिकारक वाणाची प्रतिकारशक्ती संपली की दुसरं आणायचं, असा क्रम चालला. १९७९ पासून आशियाई विकास बँकेच्या साहाय्यानं झालेल्या सिंचन प्रकल्पात वाटणीच्या ओंडक्यांच्या जागी वरखाली होणारी लोखंडी दारं बसली. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ती वर उचलून उघडीच ठेवली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि परिसंस्था-अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांच्या मधल्या १७२ सुबाकांचं संगणकीय प्रारूप करून पाहिलं. प्रत्येकानं स्वतंत्र ठरवलं तर किडीनं नुकसान, सगळ्यांनी एकच तारीख धरली तर पाण्याची टंचाई. सर्वांत जास्त उत्पन्न मिळतं ते देवळांच्या गटांप्रमाणे मेळ घातल्यावर. पुढे बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापनातही जुन्या पद्धतीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठी पडली हे मान्य झालं.

हा इतिहास पर्यटनाच्या चर्चेत सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण सुबाकनं पर्यटनाच्या आधी एक मोठा धक्का पचवलेला आहे आणि कसा पचवला हे माहीत आहे. निर्णयाचा अधिकार शेतकऱ्यांकडे परत आला, तेव्हा घडी बसली.

जातिलुविहमध्ये या सामूहिक निर्णयाचं आजचं रूप म्हणजे लाल तांदूळ. वर्षातला एक हंगाम स्थानिक उंच वाणाचा. ते साधारण पाच ते सहा महिने घेतं, म्हणजे सुधारित वाणाच्या दीडपटीहून जास्त. दुसऱ्या हंगामात लवकर येणारं पांढरं भात. देशी भाताचं उत्पन्न कमी, पण भाव जास्त. भाजलेल्या लाल तांदळाचा चहाही गावात विकला जातो. पर्यटकांमुळे या वाणाला गिऱ्हाईक मिळालं, ही पर्यटनाच्या जमेची बाजू आणि ती छोटी नाही. बेटाच्या इतर बऱ्याच भागांत देशी भात लावणं थांबलं, इथे चालू आहे.

एक खाचर गेलं की

पर्यटनाचा दबाव मोठ्या हॉटेलाच्या रूपानं येतो अशी आपली समजूत असते. खालच्या बालीत, चांग्गूसारख्या किनारी भागात, तो फार लहान तुकड्यांत आला. परकीयाला इंडोनेशियात शेतजमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, म्हणून ती २५-३० वर्षांच्या कराराने भाड्याने घेतली जाते. भाव ठरतो दर आरला दर वर्षी इतके. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याएवढंच. सगळ्या वर्षांची रक्कम बहुधा एकदम हातात पडते. मुलांचं शिक्षण, घर, देवळाचा मोठा विधी, असा खर्च समोर असताना कुटुंब कागदावर सही करतं, आणि जमीन विकलेली नसते म्हणून मनाला बोचतही नाही. करार संपल्यावर जे परत मिळतं त्यात पुन्हा भात लावता येत नाही. वरची माती गेलेली असते आणि भातखाचराचा पाणी धरून ठेवणारा घट्ट थर फुटलेला असतो.

शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो ते क्रमानं पाहू. खाचरं एकमेकांत सांडतात. वरच्यातून खालच्यात पाणी जातं. मधलं खाचर भरून जोतं घातलं की खालच्याला पाणी द्यायला नवी चर काढावी लागते, ती कुंपणाच्या कडेनं काटकोनात वळते आणि पहिल्याच पावसात गाळानं भरते. सेप्टिक टाकीचं आणि धुण्याचं पाणी त्याच चरीत येतं. बंगल्याच्या सावलीत भात उशिरा पिकतं, रात्रभर दिवे असले तर त्यांच्या उजेडातल्या ओळी उशिरा फुलोऱ्यावर येतात. बांधकामाच्या राडारोड्यात उंदरांना बिळं करायला कोरडी, वर्षभर न नांगरली जाणारी जागा मिळते. सगळं शिवार पडीक ठेवून उपाशी मारलेले उंदीर तिथे तग धरतात. शिवाय पक्ष्यांचा उपद्रव वाढतो, कारण पाखरं हाकायला आता तीन शेतांच्या जागी एकाच शेतात माणूस आहे.

मग हिशोबाची बाजू. पाट तेवढाच लांब, पण तो साफ करणारी घरं कमी. दहातली दोन खाचरं गेली तर उरलेल्यांवर भार चौथाईनं वाढतो. निम्मी गेली तर दुप्पट होतो. शिवाय आजूबाजूच्या व्यवहारांवरून जमिनीचं सरकारी मूल्य वाढतं आणि भात पिकवणाऱ्याला बंगल्याच्या भावानं कर येतो. काही ठिकाणी शेतीला करात सूट दिली गेली, तिथे जमीन टिकवणं थोडं सोपं झालं. शेवटचे दोन-चार शेतकरी हौसेनं जमीन देत नाहीत. पाण्याच्या शेपटाला असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पाणीच पोचत नाही, म्हणून ते देतात. बालीत वर्षाला सुमारे १,००० हेक्टर भातजमीन जाते असा आकडा अनेक वर्षं दिला जातो. त्या आकड्यापेक्षा ती कुठे जाते हे जास्त महत्त्वाचं आहे. पाटाच्या तोंडाशी गेलेलं एक हेक्टर शेपटाकडच्या पाच हेक्टरांपेक्षा महाग पडतं.

जातिलुविहमध्ये हे अजून झालेलं नाही. वारशाच्या क्षेत्रात मुख्य उतार शाबूत आहे. दबाव तिथे रस्त्याच्या कडेला आहे: उपाहारगृहं, दरीवर पुढे काढलेली लाकडी सज्जे, वाहनतळ, इलेक्ट्रिक सायकली. आणि बांधावरून चालणारे पाय. भाताचा बांध मातीचा, हातभर रुंदीचा, आणि तो एका अनवाणी माणसासाठी असतो. दिवसभर बुटांची रांग गेली की कडा खचते, बारीक भेग पडते, रात्रीत पाणी पाझरून खालचा बांध मऊ होतो. सकाळी शेतकरी येतो तेव्हा दोन खाचरं रिकामी आणि तिसऱ्यात रोपं मुळासकट उघडी पडलेली. यावर गावानं ठरावीक पायवाटा आखल्या आणि त्यांचे लांबीनुसार मार्ग केले. उपाय साधा आहे आणि लागू पडतो, पण छायाचित्रासाठी वाट सोडून उतरणाऱ्याला अडवायला तिथे माणूस उभा असेल तरच.

तिकिटाच्या पैशाचा प्रवास

गावात शिरताना पर्यटकाकडून शुल्क घेतलं जातं. विदेशी पाहुण्यासाठी काही वर्षं ते ४० हजार रुपियाह (इंडोनेशियाचं चलन) होतं, पुढे वाढत गेलं. देशी पाहुण्यासाठी बरंच कमी. एक व्यवस्थापन मंडळ ते गोळा करतं. खर्च वजा जाता एक मोठा वाटा तबानान जिल्हा प्रशासनाकडे जातो, उरलेला गावात वाटला जातो: सरकारी ग्रामप्रशासन, जातिलुविह आणि गुनुंग सारी ही दोन पारंपरिक गावं, आणि सुबाक.

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. गावाची हद्द आणि पाण्याची हद्द वेगळी आहे. पर्यटक बघतो सुबाकचं काम, तिकीट मात्र गावाच्या रचनेतून फिरतं आणि सुबाक अनेक वाटेकऱ्यांपैकी एक ठरतो. त्याच्या वाट्याचे पैसे सामाईक निधीत येतात, विधींची वर्गणी हलकी होते, बियाणं-खतासाठी मदत होते. हे उपयोगी आहे. तरी देखाव्याच्या मधोमध ज्याचं शेत आहे त्याच्या हातात वेगळं काहीच पडत नाही, आणि रस्त्यालगत ज्याचा तुकडा आहे तो टपरी टाकून महिन्याला कमावतो. म्हणजे ज्याचा उतार जास्त देखणा त्याच्यावर तो तसाच ठेवायची सक्ती, आणि मिळकत रस्त्याकडेला. ही विषमता सुबाकच्या आतली आहे, बाहेरच्या गुंतवणूकदारानं आणलेली नाही, म्हणून ती जास्त काळजीची.

डिसेंबर २०२५ मध्ये ती उघड्यावर आली. संरक्षित क्षेत्रात परवानगीविना उभ्या राहिलेल्या डझनभर उपाहारगृहांवर आणि बांधकामांवर प्रशासनानं बंदीची कारवाई केली. त्यातली बरीच स्थानिकांचीच होती. निषेध म्हणून शेतकऱ्यांनी खाचरांत चकाकणारे पत्रे उभे केले. पाहणाऱ्याला उतार दिसेना, गावाकडची वर्दळ रोडावली. कायद्याच्या बाजूनं कारवाई योग्य होती आणि वारशाच्या दृष्टीनं आवश्यकही. पण शेतकऱ्यांनी त्या पत्र्यांतून जे दाखवलं ते खरं आहे: हा देखावा आम्ही राबतो म्हणून आहे, आणि त्यातून जगण्याची आमची वाट बंद केलीत तर दुसरी कोणती देता ते सांगा. आमच्या मते उत्तर बांधकामाला मुभा देण्यात नाही. तिकिटातला वाटा शेताच्या क्षेत्राशी आणि कामाशी जोडण्यात आहे.

कुठले नियम चालले

कागदावर संरक्षण भरपूर आहे. इंडोनेशियाचा २००९ चा अन्नधान्याच्या शेतजमिनींना संरक्षण देणारा कायदा, बालीचा २०१२ चा सुबाकविषयक प्रांतिक नियम, पारंपरिक गावांना अधिकार देणारा २०१९ चा नियम. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक विदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपियाह घेतले जातात, संस्कृती आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर शेतजमिनीवर नवी हॉटेलं नकोत अशी भूमिका प्रांताच्या राज्यपालांनी जाहीर केली. १९७० च्या दशकापासून इमारतींना १५ मीटरांची, म्हणजे नारळाच्या झाडाएवढी मर्यादा आहे आणि ती बऱ्याच अंशी पाळली गेली. ती उंची कुणालाही रस्त्यावरून दिसते, म्हणून पाळली गेली. जमिनीच्या वापराचा नकाशा कचेरीत असतो, म्हणून मोडला जातो.

तेच तेम्बुकूचं, तेच बालीच्या मौनदिनाचं. न्येपीला चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते रिकामे, २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद. वर्षातून एकदा जवळजवळ सगळा पर्यटन व्यवसाय थांबतो आणि फारशी कुरकुर होत नाही, कारण नियम गल्लीतले लोकच राबवतात आणि आजारपणासारख्या तातडीखेरीज अपवाद नाही. पूर्वेकडच्या तेंगानान गावात गावाची जमीन बाहेरच्याला विकायला किंवा गहाण टाकायला आविग-आविगनं मनाई आहे. तिथे जमीन राहिली.

याच धर्तीवर जातिलुविहसाठी जी पावलं कामाची ठरतील ती लहान आहेत. जातिलुविह ज्या पेनेबेल तालुक्यात येतं त्यातच, शेजारच्या गावात शेतकऱ्यांनी उंदरांसाठी गव्हाणी घुबडं पाळायला सुरुवात केली. खांबावर लाकडी पेट्या, विषारी आमिष बंद. घुबडाला उघडं शिवार लागतं, आणि विष खाल्लेला उंदीर त्यानं खाल्ला की तेही मरतं, म्हणून हा प्रयोग सगळ्यांनी एकत्र केला तरच चालतो. बीज सुबाकनं स्वतः राखावं. लाल भाताची कणसं पूर्वी छोट्या खुडणीच्या पात्यानं एकेक करून निवडली जायची, त्यातून बियाणं आपोआप वेचलं जायचं. आता विळ्यानं सरसकट कापणी होते, तेव्हा बियाण्यासाठी निदान काही वाफे जुन्या पद्धतीनं खुडावेत. पैसे भरून सुटका घेणाऱ्यांचा दर दरवर्षी बैठकीत नव्यानं ठरवावा, आणि तो मजुराच्या रोजापेक्षा वर असावा. खाली असेल तर यादी एकाच दिशेनं वाढते. वर्षातली बोगद्याची मोठी सफाई मात्र कुणालाच पैशानं टाळता येऊ नये. हॉटेलात नोकरी असणाऱ्यांच्या रजेशी तिची तारीख जुळवता येते, आणि ३५ दिवसांचं पंचांग वर्ष-दोन वर्षं आधी माहीत असतं.

उपाहारगृहांबाबत एक अट पुरेशी परिणामकारक ठरेल: ज्याच्या नावावर सुबाकमध्ये कसणारी जमीन आहे आणि जो पेंगायाह आहे त्यालाच परवाना, सांडपाणी पाटात न सोडण्याच्या बोलीवर, आणि जागा रस्त्याच्या वरच्या अंगाला. तपासणी पेकासेहनं करावी, कारण पाटात साबणाचा फेस कुठून येतो ते त्याला चालता चालता कळतं. तालुक्याच्या निरीक्षकाला तिथवर यायला महिना लागतो.

पर्यटकाच्या बाजूनं करण्यासारखं फार नाही, पण आहे. आखलेल्या वाटेवर राहावं. एका वेळी दोन खाचरांत माणसं काम करत असतील तर बांध त्यांना मोकळा सोडावा. गावात लाल तांदूळ घ्यायचा तर शेतकऱ्याच्या घरून किंवा सुबाकच्या केंद्रातून घ्यावा. पाणी भरलेल्या पायऱ्यांचं चित्र हवं असेल तर चिखलणीच्या दिवसांत जावं, आणि कापणी झालेली, करड्या खुंटांची शेतं दिसली तर वाईट वेळी आलो असं मानू नये. ती शेतं त्या वेळी कीड उपाशी मारत असतात, आणि पुढच्या हंगामातलं हिरवं भात त्यावरच अवलंबून असतं.